सरांची चिठ्ठी आणि बाबूजींचा पासवर्ड

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आमच्या नागपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला ठेवण्यासाठी प्राणिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा रिकामी करण्यात आली. बरण्यांतले बेडूक आणि साप वरच्या मजल्यावर गेले. फॉर्मॅलिनचा वास खालीच राहिला. खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या, दोन एअर कंडिशनर बसवले, जमिनीवर गालिचा अंथरला आणि दारावर पाटी लागली: 'चपला बाहेर काढाव्यात.' आत कपाटाएवढं एक यंत्र आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. एक वर्षाच्या डिप्लोमाला आम्ही बावीस जण होतो, त्यात मुली तीन.

मी नागपुरातल्याच इंदोऱ्याहून सायकलने यायचे. माझे वडील रेल्वेत फिटर होते. मी कॉम्प्युटर शिकते आहे हे कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"बिघडला तर उघडाले शिकवतात का?"

"नाही. उघडूच देत नाहीत."

"मंग वर्षभर काय शिकवतात?" असं म्हणून ते अंघोळीला गेले.

शिकवणारे सर सैन्याच्या संदेश विभागातून निवृत्त होऊन आले होते. पंचवीस वर्षं देशभर हिंडूनही त्यांची बोली जशीच्या तशी होती. कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा तेवढ्या इंग्रजीत, बाकी सगळं वऱ्हाडीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी वर्गाला विचारलं, "ह्या मशीनमंधी चोर घुसला तर तुम्हाले कसं समजते?"

कुणीतरी म्हणालं, "सर, चौकीदार आहे ना."

"दारातून नाही गा. तुमच्याच खुर्चीत बसून घुसला तर?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: शनिवार, अकरा ते एक. दर शनिवारी ते स्वतःच्या कप्प्यात, म्हणजे मशीनमध्ये प्रत्येकाला नेमून दिलेल्या जागेत, एक वाक्य लिहून ठेवणार. आम्ही ते वाचून दाखवायचं. कसं वाचायचं ते ते सांगणार नाहीत. टर्मिनल फोडणं आणि सरांच्या घरी जाणं सोडून सगळं चालेल. जो वाचेल त्याला प्रात्यक्षिकात दोन मार्क. मात्र मार्क मिळण्याआधी एका वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कसा घुसलो, काय पाहिलं, आणि हे भोक कसं बुजवायचं. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही तर मार्क नाही.

पहिल्या शनिवारी आलेल्या वीस जणांनी दोन तास सरांचा पासवर्ड ओळखण्यात घालवले. सरांचं नाव, त्यांच्या मुलांची नावं, त्यांच्या स्कूटरचा नंबर. एक वाजता सरांनी दाखवलं की चिठ्ठीला पासवर्डची गरजच नव्हती. ती त्यांनी सगळ्यांना वाचता येईल अशीच ठेवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'दार ढकलून पाहिलं का?'

दुसऱ्या शनिवारची चिठ्ठी खाप्याहून पहिल्या एसटीने येणाऱ्या माझ्या वर्गमित्राने वाचली, आणि तीही टर्मिनलला हात न लावता. प्रिंटरचे वाया गेलेले कागद शिपाई रद्दीत द्यायचा, आणि गेटबाहेरचा चणेवाला त्याच कागदांच्या पुड्या बांधायचा. माझा मित्र चणे खात होता. चणे संपल्यावर त्याने सवयीने पुडी उलगडून वाचली. सरांनी आदल्या दिवशी स्वतःची चिठ्ठी छापून पाहिली होती, तोच तो कागद. त्याने पुडी नेऊन सरांसमोर ठेवली. सरांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, मीठ झटकलं आणि म्हणाले, "दोन मार्क." वहीत 'कसा घुसलो' या मथळ्याखाली त्याने लिहिलं: 'चणे घेतले.' पुढच्या आठवड्यापासून प्रिंटरचे कागद फाडून टाकायचा नियम झाला. चणेवाला माझ्या मित्रावर बरेच दिवस नाराज होता.

या चढाओढीत मी सुरुवातीपासून होते, पण मार्क एकही नव्हता. आणि मला मार्क हवे होते. का, ते आज नीट सांगता येत नाही. तिघी मुलींतल्या दोघी शनिवारी येतच नसत. मी एकटी यायचे, आणि मुलं मला पाणी कुठे आहे ते विचारायची.

आता बाबूजींबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या खोलीत दाराजवळ एक ऑपरेटर बसत. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. पन्नाशीचे होते, पूर्वी ऑफिसात टायपिस्ट. त्यांना एक महिन्याचं ट्रेनिंग देऊन इथे बसवलं होतं. ते दिवसचे दिवस हलत नसत. हात काखेत, मान खाली. पण कुणी पायात चप्पल ठेवून आत आलं, किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त बसलं, तर ते उठून त्याचं मनगट धरत आणि दाराबाहेर नेऊन सोडत. तोंडातून शब्द नाही. मला त्यांनी असं पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं होतं. परत आत आल्यावर मी शेजारच्या मुलीच्या कानाशी म्हटलं, "घोरपड आहे नुसती. धरलं की सोडत नाही." दोन दिवसांत ते नाव वर्गभर झालं, महिनाभरात कॉलेजभर. कुणी ठेवलं ते कुणाला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

डिसेंबरात माझ्या डोक्यात एक युक्ती आली. टर्मिनलवर बसलं की मशीन आधी नाव विचारतं, मग पासवर्ड. मी हुबेहूब तसंच विचारणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या माणसाला वाटावं की मशीनच विचारतं आहे. त्याने नाव आणि पासवर्ड टाइप केला की माझा प्रोग्रॅम ते दोन्ही माझ्या कप्प्यात लिहून ठेवी, 'चुकलं, पुन्हा टाका' असं सांगे आणि गुपचूप बंद होई. मग खरं मशीन पुढे येई. माणसाला वाटे, बोट चुकलं असेल. त्या खोलीत बोटं गारठलेली असायची, त्यामुळे सगळ्यांचीच चुकायची.

शनिवारी मी चौथ्या टर्मिनलवर हा सापळा लावून उठले. सर आले, खुर्चीत बसले आणि नाव टाकण्याआधी त्यांनी एक कळ दाबली. माझा प्रोग्रॅम तिथेच मेला. सरांनी काहीही घडलं नसल्यासारखं खरं नाव टाकलं, चिठ्ठी लिहिली आणि उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "अनोळखी शहरात पाणी पिण्याच्या आधी मी ग्लास धुतो."

मी घरी जाऊन कागदावर प्रोग्रॅम सुधारला. आता ती कळ दाबूनही तो मरत नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा लावला. या वेळी सरांनी टर्मिनलचं बटणच बंद करून पुन्हा चालू केलं, पडदा क्षणभर निरखला, आणि मशीनने नव्याने नाव विचारलं नाही हे पाहून उठून तिसऱ्या टर्मिनलवर गेले. त्या आठवड्याची चिठ्ठी कुणीच वाचली नाही. मी वैतागून, सापळा न काढताच, सायकल काढून घरी गेले.

सोमवारी आले तेव्हा माझ्या कप्प्यात एक नाव आणि एक पासवर्ड पडलेला होता. आम्ही गेल्यावर ऑफिसचं काम करायला चौथ्या टर्मिनलवर बाबूजी बसले होते, आणि त्यांनी कळ दाबताच सापळ्याने पुन्हा नाव विचारलं होतं. नाव होतं 'ऑफिस'. पासवर्ड होता 'घोरपड'. रोमन लिपीत, सात अक्षरं, अगदी शुद्ध.

माझे कान तापले. त्या थंडीत ते मला स्पष्ट जाणवलं. पाठीमागे वळून पाहिलं तर बाबूजी दाराजवळ हात काखेत घालून बसले होते.

त्याच वेळी मी उठायला हवं होतं. मी उठले नाही. मी 'ऑफिस' टाकलं, 'घोरपड' टाकलं आणि आत गेले. आत डिप्लोमाच्या अंतर्गत मार्कांची यादी होती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मला पंचवीसपैकी अकरा होते. कर्सर अकरातल्या पहिल्या एकावर नेला तर तो तिथे उघडमीट करत राहिला. एक कळ दाबली की अकराचे एकवीस. मी दाबली नाही. यात मोठेपणा नव्हता. वहीत हे काय म्हणून लिहायचं, हे मला सुचलं नाही, एवढंच.

मार्कांच्या यादीखाली आणखी तीन कागद होते. मी तेही उघडले. तिन्ही प्राचार्यांना लिहिलेले अर्ज. 'कक्षातील थंडीमुळे गुडघे व खांदे धरतात. हात काखेत ठेवल्याशिवाय टंकलेखन शक्य होत नाही. तरी कृपया दुसरीकडे बदली व्हावी, किंवा गरम कपडा मिळावा.' पहिला जुलैचा, दुसरा सप्टेंबरचा, तिसरा डिसेंबरचा. मजकूर तोच, फक्त दुसऱ्यात 'कृपया'च्या जागी 'कृपा करून' होतं आणि तिसऱ्यात गुडघे आणि खांदे यांच्यात कंबर वाढली होती. मी सगळं बंद केलं आणि बाहेर आले. चपला उलटसुलट घातल्या ते सायकल स्टँडवर गेल्यावर कळलं.

दुपारी मी सरांना गाठलं आणि काय केलं ते सांगितलं. अर्जांचं सांगितलं नाही. सर खुश झाले.

"शाबास. वहीत लिही."

"सर, पासवर्डपण लिहू का?"

"काहून? लाज वाटून राहिली?"

"सर, ते त्यांचं पाडलेलं नाव आहे. मी पाडलेलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंग मले नको सांगू. वहीतही आज नको लिहू. ज्याचं दार उघडलं, त्याले जाऊन सांग पहिले. वही मंग."

"रागावले तर?"

"रागावतीन ना. त्यांचं दार आहे."

बाबूजी जेवणाच्या सुट्टीत खोलीत थांबत नसत. ते मागच्या व्हरांड्यात पायऱ्यांवर उन्हात बसत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेऊन. मी गेले तेव्हा त्यांचा डबा उघडा होता. भाकरी आणि वांग्याची भाजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने माझ्या पायांकडेही पाहिलं.

"बाबूजी, मला तुमचा पासवर्ड कळला आहे."

"बरं."

"तो बदलून टाका."

"काहून बदलू?" त्यांनी भाकरी मोडली. "ध्यानात राहते. मी विसरलो तर पोट्टे आठवण देतात, दिवसातून दहा डाव."

शेवटी सांगून टाकलं. "ते नाव मी ठेवलं होतं, बाबूजी."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तिकडं दुसरं काही ऐकू येत नाही वं. एसीची घरघर अन् तुमची कुजबुज. चौथ्या टर्मिनलवरून आवाज आला होता." त्यांनी घास संपवला. "घोरपड काही वाईट नाही. आधीच्या ऑफिसात मले ढेकूण म्हणत."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "घुसली कशी?"

मी सापळा समजावून सांगितला. ते जेवायचे थांबून ऐकत होते. दोन शंका विचारल्या, दोन्ही बरोबर. मग म्हणाले, "शनिवारी एकदा चुकलं खरं. मी म्हटलं, मी तर चुकत नाही." टायपिस्ट म्हणून त्यांना त्या चुकीचं वाईट वाटलं होतं. आता त्यांचा चेहरा मोकळा झाला.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, "आत मी तुमचे अर्जपण वाचले."

त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी आत तशीच होती. पॅन्ट खाली ओढली, उभे राहिले. "ते वाचाचं नव्हतं," ते म्हणाले आणि पायऱ्या चढून आत गेले. मी उन्हात उभी राहिले. नाव ठेवलेलं त्यांना चाललं होतं. हे चाललं नाही.

मी वहीत लिहिलं. कसा सापळा लावला, ऑफिसचा कप्पा उघडला, मार्कांची यादी दिसली. भोक बुजवण्याचा उपाय: बसण्याआधी टर्मिनल बंद करून चालू करावं, आणि मशीनने नव्याने नाव विचारलं तरच पासवर्ड टाकावा. पासवर्ड काय होता ते लिहिलं नाही, आणि अर्जांचंही नाही. खाली सही केली.

ती वही आठवड्याने प्राचार्यांच्या टेबलावर गेली, कुणी नेली ते कळलं नाही. प्राचार्य रसायनशास्त्राचे होते आणि कॉम्प्युटरच्या खोलीत उद्घाटनानंतर गेले नव्हते. त्यांनी मला, सरांना आणि बाबूजींना एकत्र बोलावलं.

"या मुलीने मार्क बदलले नाहीत कशावरून?" त्यांनी विचारलं.

"तिनं स्वतः लिहून दिलं आहे, साहेब," सर म्हणाले. "चोर लिहून देत नाही."

"हुशार चोर देईल."

खरं होतं ते. नाव काढून टाकलं तर घरी काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. वडिलांना सांगावं लागलं असतं की उघडायला शिकले, आणि उघडलं म्हणून काढलं.

तेवढ्यात बाबूजी म्हणाले, "रोजची यादी माझ्याजवळ आहे."

"कसली यादी?"

"रोज काम झालं का मी छापून घेतो. सही करतो. तारीख टाकतो. मशीनवर माझा भरोसा नाही, साहेब." ते बाहेर गेले आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आले. जुलैपासूनचा, सुतळीने बांधलेला. बाकीचे कागद फाडायचा नियम झाला होता, तो नियम दारावर चिकटवणारे बाबूजीच होते, आणि हे त्यांनी कपाटात कुलपाखाली ठेवले होते.

मग पडताळणी झाली. मशीन त्या खोलीतून हलवता येत नव्हतं, म्हणून प्राचार्यांना चपला काढून आत यावं लागलं. बाबूजी गठ्ठ्यातून वाचत, मी पडद्यावरून वाची, प्राचार्य मधे बसून दोन्हीकडे बघत खूण करत. बावीस विद्यार्थी, सहा विषय, आणि वर सगळ्या चाचण्या. माझं नाव आलं तेव्हा बाबूजींनी आवाज जरासुद्धा न बदलता वाचलं, "इलेक्ट्रॉनिक्स, अकरा." मी वाचलं, "अकरा." पाऊण तासाने प्राचार्यांनी हात चोळायला सुरुवात केली. दीड तासाने त्यांनी चहा मागवला, आणि चहा आत आणायला बाबूजींनी मनाई केली. तसा नियम होता. दोन तासांनी प्राचार्यांचे हात काखेत गेले. ते पाहून मी खाली बघितलं. बाबूजींनी पाहिलं की नाही ते सांगता येत नाही. ते वाचतच होते.

एकाही आकड्यात फरक निघाला नाही.

प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी नोटीस काढली. शनिवारच्या चिठ्ठ्या बंद. मला लेखी ताकीद. कॉम्प्युटरच्या खोलीला पितळी कुलूप. त्याच नोटिशीत शेवटच्या ओळीत होतं की ऑपरेटरला कवायतीच्या पथकाच्या भांडारातून एक खाकी लोकरी जर्सी देण्यात यावी. जर्सी आली ती दोन मापं मोठी. बाबूजींनी बाह्या दुमडून ती घातली, आणि उन्हाळा लागला तरी आत असताना काढली नाही.

सरांनी मला त्या शनिवारचा एकही मार्क दिला नाही. मी विचारायला गेले तर म्हणाले, "चिठ्ठी वाचली होती का?"

"नाही सर. पण..."

"मंग कायचे मार्क?"

बाबूजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पूर्वीही बोलत नसत, पण आता ते कळत होतं. मग फेब्रुवारीत एके दिवशी मी टर्मिनलवर बसले, सवयीप्रमाणे बटण बंद-चालू केलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर माझ्याच कप्प्यात एक नवी चिठ्ठी दिसली. मी लिहिलेली नव्हती. 'मॅडमचे लक्ष आपल्या बोटांकडे असते, मागे उभ्या माणसाकडे नसते. भोक बुजवावे.' मी वळले. ते माझ्या मागेच उभे होते. त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांची चाल बघून नवे टायपिस्ट तयार केले होते. माझी बोटं त्यांनी तीन दिवसांत वाचली होती.

"काही वाचलं का आत?" मी विचारलं.

"काहीच नाही," ते म्हणाले. "चिठ्ठी ठेवली अन् निघालो."

त्यानंतर ते रोज दहा मिनिटं माझ्याकडून प्रोग्रॅम लिहायला शिकू लागले. परीक्षेपर्यंत त्यांना माझ्यापेक्षा बरं येत होतं. माझ्या एका प्रोग्रॅममधली चूक त्यांनी काढली आणि ती दुरुस्त करेपर्यंत मला घरी जाऊ दिलं नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी काठावर पास झाले.

त्याच वर्षी एका बँकेत कॉम्प्युटरसाठी माणसं घेत होते. मुलाखतीला तीन साहेब बसले होते. मधल्याने विचारलं की कॉलेजात विशेष असं काय शिकलात. मी वीस मिनिटं सगळं सांगितलं: सापळा, कप्पा, पडताळणी. तिघांनी शांतपणे ऐकलं. मग मधल्याने विचारलं, टायपिंग येतं का.

मी हो म्हटलं. मला घेतलं.